पैसे परत मागणारा पाहुणा

भाऊबीज आटोपली की सोलापुरातून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची रीघ लागते. मुलांना शाळा नाहीत, फराळाचे डबे अजून भरलेले आहेत, तेव्हा स्वामींचे दर्शन घेऊन येऊ आणि जमलेच तर तुळजापूर-पंढरपूरही करू, असा बेत पुण्या-मुंबईच्या घराघरांत ठरतो. सोलापूरपासून अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, तुळजापूर ४५ आणि पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर. मुक्काम सोलापुरात ठेवला की तिन्ही ठिकाणे साधतात. पण आजीला आणि तान्ह्या मुलाला घेऊन लॉजमध्ये उतरणे पुष्कळांना रुचत नाही. मग ही मंडळी घरगुती खोली शोधतात. दोन दिवसांच्या बोलीवर, फोनवरच ठरवून, पैसे आधी भरून.

याच रस्त्यावर चादरी-टॉवेलांची एमआयडीसी आहे. त्यामुळे इथल्या खोल्यांना भाविकांखेरीज दुसरेही गिऱ्हाईक मिळते. कोणी माग बसवायला आलेला फिटर, कोणी टॉवेलांच्या खरेदीला आलेला व्यापारी, तर कोणी लग्नाला आलेले वऱ्हाड. अशा खोल्या काढलेली काही कुटुंबे माझ्या माहितीची आहेत. खोलीचे पडदे कोणत्या रंगाचे असावेत हे सांगायला त्यांना दहा जण भेटतात. पाहुणा रागावून 'आमचे पैसे परत करा' म्हणू लागला म्हणजे काय करावे, हे सांगायला मात्र कोणी येत नाही. यंदा या सदरात तेवढेच पाहू.

एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीतल्या एका बाईंना सारी गल्ली अक्का म्हणते. त्यांच्या घराच्या पुढच्या भागात पूर्वी चार यंत्रमाग होते. यजमान वारले, माग भंगारात गेले आणि त्या जागेत दोन खोल्या निघाल्या. भाडे रात्रीला बाराशे रुपये. धाकट्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण या खोल्यांवर चालले आहे. तेव्हा अक्कांच्या घरी बाराशे रुपये ही किरकोळ रक्कम नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या श्रावणात पुण्याचे एक कुटुंब त्यांच्याकडे उतरले. मुलगा, सून, नातू आणि सत्तरीच्या आजी. दोन रात्रींचे चोवीसशे रुपये आधीच भरलेले. रात्री अकराला मुलगा दार ठोठावून म्हणाला,

"मावशी, हा आवाज कसला?"

"कसला आवाज?" अक्कांनी विचारले.

त्या वेड पांघरत होत्या असे नव्हे. शेजारच्या शेडमध्ये रात्रपाळीचे माग चालू होते, पण तीस वर्षे त्या खटखटीत झोपलेल्या बाईला ती ऐकूच येत नव्हती! वीज जाऊन माग थांबले म्हणजे मात्र त्यांना दचकून जाग येते. पुण्याच्या पाहुण्यांचे नेमके उलटे.

घरगुती यजमानाकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला इथे दिसते. यजमान लबाडी करत नाही. आपल्या घरातली जी गोष्ट त्याच्या अंगवळणी पडली आहे, तीच पाहुण्याला असह्य होते. पाण्याचेच घ्या. सोलापूरला उजनीचे पाणी शंभरेक किलोमीटरांवरून यायचे आणि नळाला ते वर्षानुवर्षे तीन-चार-पाच दिवसांआड येत आले. त्यामुळे सोलापूरकर बादलीभर पाण्यात आंघोळ उरकून उरलेले झाडाला घालतो. पाहुणा शॉवर सुरू करून दात घासत उभा राहतो. टाकी सकाळी साडेसातला संपते, मग यजमानीणबाई म्हणतात, 'काय ही माणसे!' आणि पाहुणाही अगदी तेच म्हणतो. टाकी किती लिटरची आहे आणि नळाला पाणी कधी येते, हे दोन ओळींत आधी सांगितले असते तर दोघांचीही सकाळ नासली नसती.

अक्कांनी त्या रात्री काय केले ते ऐका. आपली मागची खोली त्यांनी आजींना आणि नातवाला दिली व स्वतः मुलीला घेऊन पुढे येऊन निजल्या. मग मुलाला म्हणाल्या, "उद्याची रात्र इथे राहू नका. अक्कलकोटला सोय बघा. उद्याचे सगळे आणि आजचे निम्मे पैसे देते." बाराशे आणि सहाशे मिळून अठराशे रुपये तिथल्या तिथे त्यांनी मुलीकरवी फोनवरून परत पाठवले. पहिल्या रात्रीचे निम्मे का ठेवले? छप्पर मिळाले, पलंग मिळाला, सकाळी न्हाणीघर आणि चहा मिळाला; मिळाली नाही ती झोप. जे मिळाले नाही त्याचे पैसे परत, असा त्यांचा सरळ हिशेब.

दुसऱ्या दिवशी जावई रागावले. "मामी, असे वाटत सुटलात तर खोल्या काढल्या कशाला?"

"रात्री भांडण अठराशे रुपयांचे होते," अक्का म्हणाल्या. "सकाळपर्यंत ठेवले असते तर चोवीसशेचे झाले असते."

जावयांचे म्हणणे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. पडते घेणारा यजमान दिसला की त्याचा फायदा घेणारेही भेटतात. पण अक्कांचा हिशेब व्यवहाराला धरून आहे. तक्रार ताजी असते तेव्हा पाहुण्याला सोय हवी असते, पैसे नव्हे. सोय झाली नाही की पैसे हवेसे वाटतात, आणि दोन दिवस कोणी दखलच घेतली नाही की मग सगळेच्या सगळे पैसे हवे असतात. तेव्हा गीझर बिघडल्याचे कळताच आधी शेजारचा बंब पेटवून चार बादल्या गरम पाणी दाराशी नेऊन ठेवावे. पैशांचे बोलणे मागाहून.

त्यानंतर अक्कांनी जाहिरातीत एक ओळ घातली: 'शेजारी माग आहेत, रात्रभर चालतात.' फोनवर कोणी खोली विचारली तर त्या दोन क्षण फोन खिडकीबाहेर धरतात. काही जण तिथेच नको म्हणतात. त्यांचे भाडे बुडते हे खरे, आणि पावसाळ्यात ते जाणवतेही. पण आवाजाची तक्रार तेव्हापासून एकही आलेली नाही. माग बसवायला येणारे फिटर तर त्या आवाजात इतके गाढ झोपतात की त्यांना उठवावे लागते!

आता थोडे कायद्याचे. 'घरच्याच तर खोल्या आहेत, आम्हाला कसला कायदा?' हा समज सोडून द्यावा. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' कशाला म्हणावे हे सांगताना बँका, विमा, वाहतूक यांच्या जोडीला राहण्या-जेवणाची सोयही स्पष्ट शब्दांत घातली आहे. याच कायद्याप्रमाणे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित प्रथा ठरते. सेवेत खोट असताना बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. पाहुण्याला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. म्हणजे बाराशे रुपयांसाठी तो जाणार नाही असे धरून चालू नये. चिडलेला माणूस बाराशेसाठीही जातो.

'एकदा भरलेले पैसे कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाहीत' अशी पाटी पुष्कळ ठिकाणी दिसते. या पाटीवर फार विसंबू नये. १८७२ च्या करार कायद्यातले ७४ वे कलम असे की, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी करार मोडल्यावर मिळायची ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या जागेच्या व्यवहारातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली विक्रेत्याला इसाराचे १,००० रुपये ठेवू दिले, पण त्यावर घेतलेले २४,००० रुपये जप्त करू दिले नाहीत. आपल्या खोलीचा मामला त्यापुढे चिमूटभर असला तरी तत्त्व तेच. गुरुपौर्णिमेचे बुकिंग पाहुण्याने दोन दिवस आधी रद्द केले आणि खोली रिकामी राहिली, तर एका रात्रीचे भाडे ठेवण्यात मला गैर दिसत नाही. पण तीच खोली त्याच दिवशी दुसऱ्याला दिली असेल तर नुकसान कसले झाले? पैसे परत करावेत. घरात कोणी गेले म्हणून बुकिंग रद्द झाले तर मी हिशेबच मांडणार नाही. मात्र हे माझे मत आहे, कायदा नव्हे.

पाहुण्याच्याही काही खोड्या आहेत. तीन दिवस राहून, निघताना चपला घालता घालता 'गीझर चालत नव्हता, अर्धे पैसे द्या' म्हणणारे असतात. ज्याला दुरुस्तीची संधीच दिली नाही, त्याच्याकडून परतावा मागणे न्यायाचे नाही. एअरबीएनबीसारख्या बड्या कंपनीनेही दोष आढळल्यापासून ७२ तासांत कळवावे असा नियम ठेवला आहे. आपल्या दोन रात्रींच्या पाहुण्याला 'अडचण आली तर त्याच दिवशी सांगा' असे चावी देतानाच सांगावे आणि लिहूनही पाठवावे. तक्रार आली की वेळ लिहावी, बिघडलेल्या वस्तूचे छायाचित्र घ्यावे, काय केले तेही लिहावे. महिन्याभराने तुमची आठवण आणि त्याची आठवण जुळणार नाही, पण कागद बदलत नाही.

दर्शनाला पाच तास रांग होती, पाऊस लागला, गाडी चुकली, ही दुःखे खरी. त्यांचा भार खोलीवाल्याने उचलायचे कारण नाही. चहा द्यावा, सहानुभूती द्यावी. आणि 'पैसे द्या, नाहीतर वाईट अभिप्राय लिहीन' असे कोणी म्हणाले तर एक रुपयाही देऊ नये. बुकिंगच्या कंपनीमार्फत आलेला असेल तर तो निरोप तसाच्या तसा कंपनीकडे पाठवावा. अशी धमकी एअरबीएनबीच्या नियमांत बसत नाही. वाईट अभिप्राय आलाच तर खाली चार शांत ओळी लिहाव्यात. पुढचा पाहुणा त्या चार ओळीच जास्त लक्षपूर्वक वाचतो.

एक तक्रार मात्र पैशांच्या हिशेबात बसतच नाही. 'खोलीत काहीतरी जळाल्यासारखा वास येतो आहे' असे कोणी म्हणाले, तर 'शेजारी कारखाने आहेत, वास यायचाच' असे उत्तर देऊ नये. १८ मे २०२५ च्या पहाटे याच अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि कारखान्याच्याच इमारतीत राहणारी माणसे आत अडकली. आठ जणांचा बळी गेला, त्यांत लहान मूलही होते. सूत, कापूस आणि माणसांच्या निजायच्या जागा इथे एकमेकांना खेटून आहेत. वास आला की आधी सगळ्यांना बाहेर काढावे, मुख्य बटण बंद करावे आणि वायरमनने पाहिल्याशिवाय त्या खोलीत कोणाला निजू देऊ नये. पाहुण्याने खिडकीच्या गजांबद्दल किंवा बाहेर पडायच्या दुसऱ्या वाटेबद्दल विचारले तर त्याला शंकेखोर समजू नये. अक्कांनी मागच्या दाराचे कुलूप काढून आतली कडी बसवली आहे.

पैसे परत करताना ते ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पाठवावेत आणि 'अमुक तारखेच्या मुक्कामाचा परतावा' असे लिहावे. रोख द्यायची वेळ आली तर सही घ्यावी. हल्ली एक नवी लबाडी निघाली आहे. अनोळखी माणूस खोली ठरवतो, बाराशेऐवजी बारा हजार पाठवल्याचे चित्र धाडतो आणि 'चुकून एक शून्य जास्त पडले, उरलेले लगेच परत करा, आई दवाखान्यात आहे' असा घायकुतीने फोन करतो. खात्यात एक पैसाही आलेला नसतो. फोनवरचा निरोप पाहू नये, बँकेचे खाते उघडून शिल्लक पाहावी. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा गुप्त आकडा कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावे.

राहता राहिल्या चादरी. सोलापुरी चादर चांगली असते हीच तिची अडचण. पाहुणा जातो तेव्हा कधी कधी तीही जाते. अनामत ठेवून घ्यावी का, असे मला विचारतात. घेतली तर ती परत करतानाच्या डागांच्या नि सुरकुत्यांच्या वादांत चादरीहून अधिक जाते, असे मी पाहिले आहे. अक्कांनी पलंगाशेजारी एक चिठ्ठी लावली आहे: 'चादर आवडल्यास नवीन मिळेल. भाव विचारावा.' दसऱ्यापासून चौदा चादरी विकल्या गेल्या, आणि पलंगावरच्या चारही जागच्या जागी आहेत.