दोन शेजारनगरे : बडोदे आणि अहमदाबाद

बडोदे आणि अहमदाबाद या दोन शहरांत सुमारे शंभर किलोमीटरांचे अंतर आहे. आगगाडीने दोन तासांत ते तुटते. मराठी मनात मात्र हे अंतर फार मोठे झालेले आहे. बडोदे हे नाव मराठी घरांत ज्या जिव्हाळ्याने उच्चारले जाते, तो जिव्हाळा अहमदाबादच्या वाट्याला कधी आला नाही. बडोद्यात सयाजीराव होऊन गेले, तेथे कलाभवन निघाले, रियासतकार सरदेसाई तेथे नोकरीस होते, राजकवी चंद्रशेखर तेथलेच आणि माधव जूलियनांचा जन्मही तेथलाच, ही उजळणी मराठी सुशिक्षिताला तोंडपाठ असते. अहमदाबादविषयी विचारले तर गिरण्या, व्यापार आणि साबरमतीचा आश्रम एवढ्यावर गाडी थांबते. गुजरातेतही बडोद्याला ‘संस्कारनगरी’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे अहमदाबादच्या वाट्याला उरतो तो हिशेबाचा चोपडा. ही वाटणी इतकी सोयीस्कर आहे की ती खरी आहे का, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

बडोद्याचा गौरव खोटा आहे असे मुळीच नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकरी मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसला आणि १९३९ पर्यंत त्याने राज्य केले. या दीर्घ कारकिर्दीत जे घडले त्याला हिंदी संस्थानांत तोड नाही. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी याची केवळ चर्चाच चालू होती. १८९० मध्ये कलाभवन निघाले. दादासाहेब फाळके तेथे शिकले. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन हे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावून घेऊन गावोगाव ग्रंथालये पसरविण्यात आली. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे तेथे नोकरीस होते. फैयाझखाँ तेथले दरबारगवई. १९३१ मध्ये निघालेल्या ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ या कोशाचा उल्लेख तर भाषांच्या अभ्यासकाने आवर्जून करावयास हवा. राज्यकारभारातील संज्ञांना इंग्रजीसह आठ भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडलेले आहेत. भारतीय भाषांतून कारभार चालू शकतो की नाही या विषयावर स्वतंत्र भारतात पुढे कितीतरी समित्या बसल्या. बडोद्याने तो प्रश्न चर्चेला न ठेवता कामालाच लावला होता. आणि राजा मराठी असूनही कारभाराची भाषा प्रजेची, म्हणजे गुजराती ठेवली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू वरून खाली आलेली आहे. शाळा, ग्रंथालय, बाग, संग्रहालय, आजव्याच्या सरोवराचे पाणी हे सारे राजाने दिले आणि प्रजेने घेतले. दाता उदार होता, दूरदर्शी होता. पण तो दाता होता. दात्याच्या इच्छेची मर्यादा कोठे येते हे बडोद्याच्याच इतिहासात लख्ख दिसते. ज्या संस्थानाने भीमराव आंबेडकरांना १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले, त्याच संस्थानाच्या राजधानीत १९१७ मध्ये नोकरीवर रुजू होण्यास आल्यावर त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना हुसकावले. मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांनी काही तास सार्वजनिक बागेत काढले. बाग महाराजांची होती. तिचे फाटक सर्वांना उघडे होते. शहर उघडे नव्हते. सयाजीरावांची आज्ञा कचेरीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत होती, गल्लीत पोहोचत नव्हती. दुसरा दाखला गंगनाथ विद्यालयाचा. राष्ट्रीय शिक्षणाची ही शाळा बडोद्यात चालली होती, आणि इंग्रज सरकारची नजर वाकडी होताच ती बंद पडली. संस्थानिकाचा आश्रय हा शेवटी रेसिडेंटाच्या मर्जीने बांधलेला आश्रय होता.

अहमदाबादची घडण वेगळी आहे. तेही मुळात एका राजानेच वसविले. १४११ मध्ये अहमदशाहाने साबरमतीच्या काठी त्याचा पाया घातला. परंतु सुलतान गेले, मोगल सुभेदार गेले, आणि शहर ज्यांच्या हाती राहिले ते महाजनांच्या, नगरशेठांच्या आणि पोळींच्या. पोळ म्हणजे एका दरवाजाआड वसलेला घरांचा पुंजका. आत सामाईक विहीर, पाखरांसाठी चबुतरा, आणि सर्व घरांवर पोळीच्या पंचांचा शब्द. या शहराची एकच हकिगत सांगावयाची तर ती १७२५ ची सांगावी लागेल. मराठी फौजा शहर लुटण्याच्या बेतात असता नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या तिजोरीतून खंडणी भरून शहर वाचविले. त्या उपकाराची फेड म्हणून व्यापाऱ्यांच्या महाजनांनी शहरातील मालावर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या लावून दिले. शहर वाचविणे हे येथे एका नागरिकाचे काम झाले आणि त्याची किंमत इतर नागरिकांनी आपसांत वाटून घेतली.

या हकिगतीत मराठे कोठे उभे आहेत, हे मराठी वाचकाच्या नजरेतून सुटता कामा नये. बडोद्यात जो मराठा शाळा काढणारा आहे, तोच अहमदाबादेत खंडणी मागणारा आहे. पुढे १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी ते शहर घेतले, आणि मधला थोडा काळ सोडता १८१८ च्या सुमारास इंग्रज येईपर्यंत पेशवे आणि गायकवाड यांच्यात त्याचा वसूल वाटला जात होता. भद्राच्या किल्ल्यातील भद्रकालीचे देऊळ आणि रायखडमधली गायकवाडांची हवेली या त्या अमलाच्या खुणा. परंतु त्या अमलात शहराची भरभराट झाली, असे मराठी अभिमानालाही म्हणता येणार नाही. दोन शहरांविषयीच्या मराठी आवडीनिवडीचे मूळ येथे आहे की काय अशी शंका घेण्यास जागा आहे. बडोद्याच्या आरशात मराठी माणसाला आपला देखणा चेहरा दिसतो. दुसऱ्या आरशाकडे तो पाहतच नाही.

‘बनियांचे शहर’ हे विशेषणही तपासून घ्यावे असे आहे. अहमदाबादेतील पहिली कापडगिरणी १८६१ मध्ये सुरू करणारे रणछोडलाल छोटालाल हे वाणी नव्हते, नागर ब्राह्मण होते. नगरपालिकेचे अध्यक्ष झाल्यावर नळाचे पाणी आणि भुयारी गटारे यांसाठी ते हटून बसले. शहराने त्यांना कडकडून विरोध केला. धर्मबुडव्यापासून पैसेउधळ्यापर्यंत सर्व आरोप झाले. अखेरीस पाणी आले. बडोद्यात पाणी आजव्याहून आले ते महाराजांच्या हुकमाने, येथे ते भांडणातून आले. नागर जीवनाचे शिक्षण या दोहोंपैकी कशातून अधिक मिळते, हा वादाचा विषय होऊ शकतो. पण भांडणाच्या पारड्यात बरेच वजन आहे. गांधीजींनी १९१५ मध्ये आश्रमासाठी हेच शहर निवडले, वल्लभभाई १९२४ ते १९२८ येथल्याच नगरपालिकेचे अध्यक्ष होते, हे योगायोग नव्हेत. १९१८ च्या गिरणीसंपात मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन उभी राहिली. त्यातून १९२० मध्ये मजूर महाजन उभे राहिले. कामगारांच्या संघटनेलाही ‘महाजन’ हेच नाव असावे, यात त्या शहराचा स्वभाव सापडतो.

या स्वभावानेच पुढे संस्था काढल्या. भौतिकी संशोधनशाळा १९४७ मध्ये, कॅलिको वस्त्रसंग्रहालय १९४९ मध्ये, राष्ट्रीय अभिकल्प संस्था आणि व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये. सरकारचा हात त्यांपैकी काहींत होता. पण साराभाई, कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराशिवाय त्या अहमदाबादेत उभ्या राहिल्या नसत्या. ल कॉर्ब्यूझिए आणि लुई कान यांना या ‘हिशेबी’ शहराने बोलावून आणले. पैसा आणि रसिकता यांचे हाडवैर असते, ही समजूत मराठी मध्यमवर्गाला फार प्रिय आहे. अहमदाबाद ती खोटी ठरविते आणि म्हणूनच कदाचित त्याला आवडत नाही.

दोन मराठी माणसांची उदाहरणे येथे बोलकी आहेत. गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म बडोद्याचा, १८८८ चा. वकिली त्यांनी अहमदाबादेत केली, तेथील नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि पुढे पहिल्या लोकसभेचे सभापती. काका कालेलकर साताऱ्याचे. बडोद्याच्या त्याच गंगनाथ विद्यालयात ते शिक्षक होते. शाळा बंद पडली, भटकंती झाली, आणि अखेर ते साबरमतीला आले. तेथे ते गुजराती गद्याचे असे धनी झाले की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले, आणि १९६५ चे साहित्य अकादेमीचे पारितोषिकही त्यांना गुजराती ग्रंथासाठीच मिळाले. बडोद्याने मराठी माणसाला मराठी ठेवून सांभाळले. १९०९, १९२१, १९३४ आणि पुन्हा २०१८ मध्ये मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. अहमदाबादने मराठी माणसाचा सन्मान केला नाही, त्याला कामाला जुंपले. यांपैकी अधिक मोठा मान कोणता, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. परप्रांतात राहणाऱ्या मराठी मंडळांनी त्यावर थोडा विचार करावयास हरकत नाही. दांडिया बाजारच्या मराठी वस्तीचा गणेशोत्सव मोठा खरा. पण बडोद्यातील मराठीपणा सर्वांत खोल मुरला आहे तो शेव-उसळीत. ती आता कोणी मराठी म्हणून खात नाही, बडोद्याची म्हणून खातो.

म्हणून बडोदे सोडून अहमदाबादची आरती करावी असे नाही. पोळीचा दरवाजा जसा आतल्यांना जोडतो तसा बाहेरच्यांना अडवतो, आणि या शहराने ती अडवणूक फार दूरवर नेली. १९६९, १९८५, २००२ या सालांचा उच्चार केला तरी पुरे. गिरण्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत धडाधड बंद पडल्या. ज्या खात्यांत निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक एका भोंग्यावर कामाला येत होते, ती खातीच नाहीशी झाली, आणि हजारो कुटुंबांचे रोजचे एकमेकांशी असलेले कामही त्यांच्याबरोबर गेले. मजूर महाजनाच्याच कुशीत १९७२ मध्ये जन्मलेल्या इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संस्थेने १९८१ च्या राखीव जागांच्या वादात दलितांची बाजू घेतली, तेव्हा त्या महाजनाने तिला बाहेर काढले. ‘संस्कारनगरी’चे बिरुद मिरविणाऱ्या बडोद्यालाही २००२ ची आग चुकली नाही. अशांत क्षेत्रांतील घरांच्या खरेदीविक्रीवर निर्बंध घालणारा १९९१ चा कायदा दोन्ही शहरांतील कितीतरी वस्त्यांना लागू आहे. कोणाच्या शेजारी कोणी राहावे, हा १९१७ मध्ये एका धर्मशाळेच्या दारात उभा राहिलेला प्रश्न शंभर वर्षांनंतर सरकारी परवानगीच्या अर्जात उभा आहे. या एका बाबतीत दोन्ही शहरे अगदी सारखी आहेत.

खरा फरक दिसतो तो वारशाच्या रखवालीत. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू, आणि १९५० मध्ये ललितकला विभाग निघाला. इंदूरचे मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी, के. जी. सुब्रह्मण्यन यांनी त्याला देशात अग्रस्थान मिळवून दिले. या विभागात २००७ मध्ये एका विद्यार्थ्याने परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून गदारोळ झाला, विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याची बाजू घेणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आले. देशभरातील चित्रकारांनी निषेध केला. बडोद्याच्या नागरिकांचा म्हणून जो आवाज उठावयास हवा होता तो क्षीणच राहिला. दिलेल्या वस्तूसाठी भांडण्याची सवय त्या शहराला लागलेली नव्हती. विश्वामित्रीचेही तसेच. भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत आजही मगरी आहेत. जगातील फार थोड्या शहरांना असे सांगता येईल. तिच्या काठची कोतरे मात्र बुजविली गेली, बांधकामे वाढली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी घरांत शिरली, तिच्याबरोबर मगरीही.

अहमदाबादेतही रखवाली निर्दोष नाही. कानच्या विटांच्या वसतिगृहांपैकी बहुसंख्य पाडण्याचा प्रस्ताव २०२० मध्ये व्यवस्थापन संस्थेनेच आणला. जगभरातून विरोध आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला, आणि २०२२ च्या अखेरीस पुनर्बांधणीचा विचार पुन्हा पुढे आला. साबरमती काठोकाठ भरलेली दिसते, पण ते पाणी कालव्याने आणलेले नर्मदेचे आहे. तरी जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, भारतातील पहिल्या शहराला मिळालेला. आणि त्या वारशात गणना झाली ती मशिदी-वावींबरोबर पोळींतल्या राहत्या घरांचीही, ज्यांच्या लाकडी खांबांची डागडुजी आजही घरमालकाच्या खिशातून होते किंवा होत नाही.

२०११ च्या जनगणनेत अहमदाबाद शहराची वस्ती पंचावन्न लाखांवर होती, बडोद्याची साडेसोळा लाखांच्या घरात. द्रुतगती मार्गाने ही दोन शहरे जवळ आली आणि आता वेगवान आगगाडीची स्थानके दोन्हीकडे उभी राहत आहेत. बडोद्याचा पदवीधर तरुण नोकरीसाठी अहमदाबादचा रस्ता धरतो. उलट येणारा विरळा. सयाजीरावांनी शिकविलेल्या शहराला अहमदाबादकडून निराळेच काही शिकावे लागेल, म्हणजे ग्रंथालयाची वर्गणी आणि नदीची चौकी ही दोन्ही कामे महाराजांच्या नव्हे तर पोळीच्या पंचांच्या रीतीने अंगावर घ्यावी लागतील. दांडिया बाजारातील मराठी मंडळींनी त्या कामात गुजराती शेजाऱ्यांच्या बरोबरीने बसावयास हवे. संमेलनाच्या मांडवापेक्षा तेथे त्यांची गरज अधिक आहे.