यादी कुणाच्या हातात?

सगळं आधीच लिहून ठेवलेलं असेल, तर माणसाच्या धडपडीला अर्थ काय? बाळाच्या सहाव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते असं ऐकत वाढलेल्या आपल्या घरांना हा प्रश्न नवा नाही. ख्रिस्ती धर्मात मात्र तो फार धारदार झाला. कारण तिथं प्रश्न एका जन्माच्या सुखदुःखाचा नसतो, अनंतकाळाचा असतो. कुणाचं तारण होणार हे देवानं जगाच्या आधीच ठरवलंय, की ते दार प्रत्येकासाठी उघडं आहे?

पाचव्या शतकात संत ऑगस्टिननं सांगितलं की, माणूस पापात इतका खोल रुतलाय की देवाच्या कृपेशिवाय तो वर येऊच शकत नाही. आणि ही कृपा कुणावर करायची ते देव ठरवतो. सोळाव्या शतकात जिनिव्हाच्या जॉन कॅल्विननं हाच विचार शेवटच्या टोकापर्यंत नेला. काही जण तारणासाठी नेमलेले, बाकीचे नाशासाठी. हॉलंडमधले प्राध्यापक आर्मिनियस यांना हे पटेना. ते १६०९ साली वारले, पण वाद राहिला. त्यात राजकारण मिसळलं. १६१८-१९ मध्ये डॉर्ट गावी भरलेल्या धर्मसभेनं आर्मिनियसच्या अनुयायांना चुकीचं ठरवलं आणि सुमारे दोनशे धर्मोपदेशकांची पदं गेली. त्यांची बाजू घेणारे ७१ वर्षांचे मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट यांचा तर १६१९च्या मे महिन्यात शिरच्छेदच झाला. तारणाची चर्चा करता करता माणसं एकमेकांच्या मानेपर्यंत पोहोचली!

याच वादाची दुसरी एक गोष्ट आहे, दोन मित्रांची. तीही सांगायला हवी.

जॉन वेस्ली हा इंग्लंडमधल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. जॉर्ज व्हाइटफिल्ड त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान, ग्लॉस्टरच्या एका खाणावळवाल्या कुटुंबातला. श्रीमंत विद्यार्थ्यांची कामं करून ऑक्सफर्डला शिकलेला. दोघांची गाठ तिथंच पडली. १७३९ साली व्हाइटफिल्डनं ब्रिस्टलजवळच्या कोळसा खाणकामगारांपुढे उघड्यावर उपदेश सुरू केला. चर्चची पायरी न चढलेली ती काळवंडलेली माणसं हजारोंनी ऐकायला येऊ लागली. पुढे त्यानंच वेस्लीला बोलावून घेतलं आणि हे काम त्याच्यावर सोपवलं.

त्याच वर्षी दोघांत ठिणगी पडली. व्हाइटफिल्ड कॅल्विनच्या मताचा, वेस्ली त्याच्या अगदी विरुद्ध. वेस्लीनं भर सभेत पूर्वनियोजनाच्या सिद्धांतावर हल्ला चढवला. हे प्रवचन छापावं की नाही? त्यानं प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या. कौल 'छापा' असा आला. सगळं आधीच ठरलेलं नसतं असं सांगणाऱ्यानं चिठ्ठीवर निर्णय सोडावा, ही गंमतच! छापू नकोस, ही मित्राची विनंती मात्र मागे पडली.

वेस्लीचं म्हणणं असं : यादी आधीच तयार असेल, तर उपदेश कशाला करायचा? नावं असलेले तरणारच, नसलेले बुडणारच. आणि जो देव लाखो जीवांना बुडण्यासाठीच जन्माला घालतो, त्याला प्रेमळ तरी कसं म्हणायचं?

व्हाइटफिल्डचं उत्तरही हलकं नव्हतं. २४ डिसेंबर १७४० रोजी अमेरिकेतल्या जॉर्जियामधून त्यानं लांबलचक पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं : देवानं कुणाला निवडलंय ते आपल्याला कळत नाही, म्हणून तर सगळ्यांना सांगायचं. उपदेश हेच त्या निवडीचं साधन आहे. आणि तारण जर माझ्या निश्चयावर अवलंबून असेल, तर माझ्यासारख्या दुबळ्या माणसानं कशाच्या भरवशावर जगायचं?

आपल्याकडे दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये असाच वाद झाला. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. भक्त यांपैकी कुणासारखा? व्हाइटफिल्ड अर्थातच मांजराच्या पिल्लाच्या बाजूचा. वेस्ली मधला : पहिला हात देवच पुढे करतो आणि तो सगळ्यांसाठी करतो, पण तो धरायचा की झिडकारायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

फेब्रुवारी १७४१ मध्ये प्रकरण चव्हाट्यावर आलं. व्हाइटफिल्डचं वेस्लीला लिहिलेलं एक खासगी पत्र कुणीतरी परस्पर छापलं आणि वेस्लीच्याच सभागृहाच्या दारात वाटलं. वेस्लीनं काय करावं? त्यानं लोकांसमोर आपल्या हातातली प्रत फाडली आणि सांगितलं, व्हाइटफिल्ड इथं असता तर त्यानंही हेच केलं असतं. जमलेल्यांनीही आपापल्या प्रती फाडल्या.

तरीही फूट पडलीच. अनुयायी वेगळे झाले. मत शेवटपर्यंत कुणीच बदललं नाही. मैत्री मात्र काही काळानं पुन्हा जुळली. व्हाइटफिल्डबद्दल एक गोष्ट सांगतात. त्याच्या एका अनुयायानं विचारलं, स्वर्गात आपल्याला वेस्ली दिसतील का? त्याला 'नाही' हेच उत्तर हवं होतं. व्हाइटफिल्ड म्हणाला, बहुधा नाही; ते सिंहासनाच्या इतके जवळ असतील आणि आपण इतके लांब, की ते नजरेस पडणंच कठीण!

३० सप्टेंबर १७७० रोजी व्हाइटफिल्ड अमेरिकेत वारला. मृत्युपत्रात त्यानं जॉन आणि त्याचा भाऊ चार्ल्स या दोघांसाठी आठवणीच्या अंगठ्या ठेवल्या होत्या. मतभेद असले तरी मनं जुळलेली आहेत, याची खूण म्हणून. अंत्यप्रवचन वेस्लीनं करावं, ही त्याची जुनी इच्छा. १८ नोव्हेंबरला लंडनमध्ये वेस्लीनं ते केलं. त्यात वादाचा मुद्दा त्यानं काढलाच नाही. काही कॅल्विनपंथी त्यावरही रागावले आणि पुढची काही वर्षं दोन्ही बाजूंनी पुन्हा कडवट पत्रकं निघत राहिली. अनुयायांना गुरूंइतकं मोठं मन लाभतंच असं नाही.

हे दोन्ही प्रवाह आपल्याकडेही आले. १८२९ साली मुंबईत आलेले डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावानं विल्सन कॉलेज आहे, ते कॅल्विनच्या परंपरेतल्या स्कॉटिश चर्चचे. मेथडिस्ट मंडळी वेस्लीचा वारसा घेऊन आली. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं, तेव्हा प्रेस्बिटेरियन परंपरेची मंडळी आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्टांची मंडळी एकाच चर्चमध्ये सामील झाली. वेस्लीच्या त्या अंत्यप्रवचनाला तेव्हा बरोब्बर दोनशे वर्षं आणि अकरा दिवस झाले होते.

वाद सुटला का? नाही. दोन्ही बाजूंना बायबलमध्ये आधार सापडतो आणि यापुढेही सापडत राहील. पण एका बाबतीत दोघा मित्रांचं वागणं सारखंच होतं. यादी असो वा नसो, ती आपल्या हातात नाही, हे दोघांनी ओळखलं होतं. म्हणून व्हाइटफिल्डनं वेस्लीचं नाव त्यातून खोडलं नाही आणि वेस्लीनं व्हाइटफिल्डचं.

आपण मात्र किती सहज खोडतो! शेजारचा वेगळ्या देवळात जातो, सून वेगळ्या पद्धतीनं पूजा करते, मुलगा कशालाच मानत नाही. झालं, आपण निकाल देऊन मोकळे. शेवटचा निकाल ज्याचा आहे, त्याच्याकडेच तो राहू द्यावा. आपल्या वाट्याला माणसाशी नीट वागणं आलंय, तेवढं जमलं तरी पुष्कळ.