आजार लांबला, सोय आखूडच

कर्करोगाचे दोनच शेवट आपल्या समाजास ठाऊक आहेत. रोगी बरा होतो, मग ग्रामदेवतेला अभिषेक आणि आप्तेष्टांना जेवण. नाहीतर तो जातो, आणि चार दिवस गाव हळहळतो. ह्या दोहोंखेरीज एक तिसरी अवस्था असू शकते, रोगही जात नाही आणि माणूसही जात नाही, दोघे एकाच देहात वर्षानुवर्षे नांदतात, ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. मल्टिपल मायलोमा नावाच्या अस्थिमज्जेच्या कर्करोगाने ही तिसरी अवस्था देशातील हजारो घरांत आणून ठेवली आहे. आमच्या राज्यातही ती आहे, आणि ज्यांच्या घरी ती आहे त्यांच्यावाचून इतरांना तिचा पत्ता नाही, म्हणून आज हा विषय घेणे आम्हांस आवश्यक वाटले.

आमचे एक स्नेही काणकोणकडचे निवृत्त शिक्षक आहेत. गाव त्यांना मास्तर म्हणतो, आम्हीही तेच म्हणू. तीन वर्षांपूर्वी त्यांची पाठ दुखू लागली. कुळागरात पाणी लावताना लचक भरली असेल असे प्रथम घरच्यांनी ठरविले, मग वयाचे दुखणे असे गावाने ठरविले. तेल झाले, शेक झाला, औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आठ महिने झाल्या. अखेर एके दिवशी पाण्याची कळशी उचलताना मणका खचला, तेव्हा रक्त तपासले गेले आणि रोगाचे नाव कळले. रक्त अर्ध्यावर आले होते आणि मूत्रपिंडांवर ताण पडला होता. त्या गोळ्यांनी हा ताण वाढविलाच असणार, कारण मायलोमात ज्या औषधांपासून दूर राहावे असे डॉक्टर बजावतात त्यांत ह्याच गोळ्या अग्रभागी असतात. न जाणारी पाठदुखी, कारण न सापडणारा अशक्तपणा आणि लघवीतून जाणारी प्रथिने ही तीन एकत्र दिसली की एक साधी रक्ततपासणी मागून घ्यावी, एवढे जरी ह्या लेखातून कोणाच्या ध्यानी राहिले तरी आमचे काम झाले.

रोगाचे स्वरूप थोडक्यात असे. हाडांच्या पोकळीतील मज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांचे काम. त्यांतली एखादी पेशी बिघडते, आपल्यासारख्याच असंख्य पेशी निर्माण करते आणि एकाच प्रकारचे निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतीत राहते. हाडे पोखरली जातात, त्यांतला चुना रक्तात उतरतो, मूत्रपिंडे चोंदतात, आणि खऱ्या जंतूंशी लढावयास सैन्य उरत नाही. 1845 साली लंडनमधील एका व्यापाऱ्याच्या लघवीत असले विलक्षण प्रथिन आढळले आणि हेन्री बेन्स जोन्स ह्या डॉक्टराने ते तपासले. आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्या व्यापाऱ्याला लोह, कुइनाइन, जळवा असे त्या काळचे सारे उपचार झाले. 1846 च्या पहिल्याच दिवशी तो वारला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ह्या रोगाची कथा जवळपास तशीच संपत राहिली.

ती बदलली कशी, हे सांगण्याजोगे आहे. 1961 साली ज्या थॅलिडोमाइड नावाच्या औषधाने हातपाय नसलेली बालके जन्माला घातली म्हणून जगभर हाहाकार उडाला आणि जे बाजारातून हाकलले गेले, तेच औषध 1999 साली मायलोमावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध झाले. ते संशोधन मांडणाऱ्या पथकात अग्रस्थानी सीमा सिंघल ह्या भारतीय वंशाच्या डॉक्टर होत्या. त्याचा आग्रह मात्र डॉक्टरांनी नव्हे, एका रोग्याच्या पत्नीने धरला होता. तिच्या पतीला त्याचा लाभ झाला नाही, इतरांना झाला. पुढे 2003 साली अमेरिकेत बोर्टेझोमिबला मान्यता मिळाली, थॅलिडोमाइडची सुधारलेली भावंडे आली, आणि 2015 साली डाराटुमुमॅब हे शिरेवाटे द्यावयाचे प्रतिपिंड आले. रोग मुळासकट जातो असे आजही कोणी जबाबदार डॉक्टर म्हणत नाही. पण तो दाबून ठेवता येतो, आणि दाबलेला असताना माणसाला कामधाम करता येते. किरण खेर ह्यांना हा रोग झाल्याचे 2021 साली जाहीर झाले आणि त्या 2024 पर्यंत लोकसभेच्या सदस्य होत्या. बिहारच्या लोकगायिका शारदा सिन्हा अनेक वर्षे ह्या रोगासह गात राहिल्या. 2024 च्या नोव्हेंबरात, ज्या छटपूजेची गाणी त्यांनी घरोघर नेली तिच्याच पहिल्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

मात्र 'दाबून ठेवणे' ह्या दोन शब्दांत काय सामावले आहे, ते पंचांगाच्या हिशोबाने पाहावे. डाराटुमुमॅबची प्रचलित रीत अशी की पहिले आठ आठवडे दर आठवड्यास, पुढील सोळा आठवडे पंधरवड्यास आणि त्यानंतर दर चार आठवड्यांनी ते घ्यावयाचे. म्हणजे पहिल्या वर्षी तेवीस वेळा आणि पुढे दर वर्षी तेरा वेळा. कुठवर? औषध चालत असेल तोवर, रोग पुन्हा डोके वर काढीपर्यंत. ह्या उपचाराला शेवटची तारीख नाही. पहिल्या खेपेस हे औषध शरीरात जावयास सात तासांच्या आसपास लागतात. सुमारे निम्म्या रोग्यांना त्या वेळी थंडी, खोकला, दम लागणे असा काही त्रास होतो, म्हणून थेंबथेंब सोडतात. नंतर साडेतीन तासांत भागते. त्वचेखाली काही मिनिटांत टोचण्याचा प्रकार 2020 पासून निघाला आहे, त्याने खुर्चीवरचा वेळ वाचतो; रस्त्यावरचा वाचत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही मास्तरांबरोबर असा एक दिवस काढला. पहाटे पाचला घर सोडले. वहिनींनी पेजेचा डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या, कारण मूत्रपिंडांसाठी पाणी सतत पोटात जावे लागते. करमलचा घाट उतरून, मडगाव मागे टाकून रुग्णालय गाठले तेव्हा रक्त देण्यासाठी रांग लागलेली होती. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, बहुतेक ठिकाणी असेच असते. रक्त दिले, अहवाल येईपर्यंत अकरा वाजले. अहवाल घेऊन डॉक्टरांची रांग. डॉक्टरांनी होय म्हटल्यावर औषध बनविणाऱ्या खोलीकडे चिठ्ठी गेली. मग खुर्ची रिकामी होण्याची वाट. एक वाजता सलाईन लागले आणि पाचला सुटले. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. पंधरा तासांच्या ह्या दिवसात प्रत्यक्ष उपचार चार तासांचा होता.

"सलाईनचा कंटाळा येत नाही," मास्तर परतताना म्हणाले, "शाळेत चाळीस मुलांपुढे चार तास उभा राहिलेला माणूस मी, चार तास बसायला मला काय झाले? बाकीचा दिवस खातो."

त्या बाकीच्या दिवसाचा मोठा भाग वाचविणे आपल्या हातात आहे, आणि त्यास पैसाही फारसा लागत नाही. रोग्याचे रक्त आदल्या दिवशी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात घेतले आणि अहवाल फोनवरून रुग्णालयात गेला, तर सकाळच्या दोन रांगा नाहीशा होतात. औषध वेळेवर तयार ठेवता येते आणि खुर्चीही अर्धा दिवस अडून राहत नाही. काणकोण, वाळपई, पेडणे येथे आरोग्य केंद्रे आहेत, तेथे रक्त घेणारे कर्मचारी आहेत, आणि फोन तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मध्ये अडते ते एवढेच की असे करावे हा आदेश कोणी काढावयाचा, हे ठरलेले नाही.

दुसरी गोष्ट खुर्चीची. केंद्र सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा केली, त्यांतली दोनशे 2025-26 मध्येच. घोषणा चांगली आहे. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालये आपल्या राज्यातल्या कोणत्याही गावापासून कोस-कोस दूर नाहीत. मोठ्या राज्यांना जे दुष्कर ते आम्हांस सुकर असले पाहिजे. परंतु डे-केअर म्हणजे चार आरामखुर्च्या आणि भिंतीवर उद्घाटनाची पाटी नव्हे. औषध निर्जंतुकपणे मिसळणारा माणूस, सलाईन चालू असता रोग्याला थंडी भरली तर काय करावे हे जाणणारी परिचारिका आणि औषधाचा न तुटणारा साठा ही तिन्ही नसतील, तर ते केंद्र उघडल्याच्या दुसऱ्या महिन्यात रोगी पुन्हा पहाटे पाचच्या गाडीत दिसेल.

खर्चाचे दुखणे तर वेगळेच. बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइड भारतीय कंपन्या बनवितात, म्हणून ती मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात काहीशी उतरली आहेत. डाराटुमुमॅबचे तसे नाही. 2025 च्या अर्थसंकल्पात ते सीमाशुल्कातून मुक्त झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यावरील वस्तू व सेवा करही उठला. सरकारने चांगले केले तेव्हा तसे म्हणावे, आम्ही म्हणतो. पण कर गेला तरी किंमत राहते, आणि ती तेरा वेळा, दर वर्षी राहते. आमच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची 2016 साली आखणी झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख रुपयांची मर्यादा ठरली. शस्त्रक्रिया, अपघात, हृदयविकार ह्यांसाठी ती रक्कम ठीक होती. ती ठरविताना कोणाच्या डोळ्यांसमोर आजार होता तो एकदाच येऊन जाणारा. खाजगी विम्याचे पाहावे तर विमा नियामकाने 2019 साली प्रतिपिंडाच्या इंजेक्शनांसारखे आधुनिक उपचार विम्यातून वगळू नयेत असे बजावले, आणि त्याच दमात त्यांवर उपमर्यादा घालण्याची मुभाही दिली. एका हाताने दिलेले दुसऱ्याने आवरून घेण्याची ही कला आमच्या सरकारी भाषेत फार जुनी आहे. मास्तरांच्या कुळागराचा एक तुकडा पहिल्याच वर्षी गेला.

सरकारला एवढे सुनावल्यावर समाजालाही दोन शब्द ऐकवणे प्राप्त आहे. मास्तर दिसावयास धडधाकट आहेत. सलाईनच्या दिवशी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनने चेहरा भरलेला दिसतो आणि त्या रात्री झोप अशी येत नाही. पहाटे तीनला ते जुनी पुस्तके लावीत बसतात. तिसऱ्या दिवशी औषधाचा जोर ओसरला की जिना चढवत नाही. लोक भेटतात ते दुसऱ्या दिवशी, आणि म्हणतात, "मास्तर, तुम्हांला तर काहीच झालेले दिसत नाही." मग देवस्थानच्या बैठकीला का आला नाहीत, पालखीला खांदा का दिला नाहीत, अशी विचारणा. पोखरलेल्या हाडाने पालखी उचलावयाची नसते, चवथीची माटोळीही बांधावयाची नसते. आणि ज्याच्या रक्तात लढणाऱ्या पेशी उरलेल्या नाहीत त्याला मूळ घरी चाळीस माणसांच्या गर्दीत, सर्दीखोकल्याची पोरे मांडीवर घेऊन बसणे परवडत नाही. ते दूर बसले तर ती घमेंड नव्हे. पूर्वी आपल्या घरांत सोवळ्यासाठी माणूस बाजूला बसे आणि कोणी कारण विचारीत नसे. एवढे सौजन्य रोग्याच्या वाट्याला का येऊ नये?

आणखी एक बारीक गोष्ट आहे. तिचा संबंध जीवाशी आहे म्हणून ती येथे सांगतो. डाराटुमुमॅब रक्तातील तांबड्या पेशींनाही चिकटते, त्यामुळे रक्तपेढीत रक्त जुळविण्याची नेहमीची चाचणी फसते, आणि औषध थांबविल्यावरही सहा महिन्यांपर्यंत फसू शकते. अपघातात असा माणूस अनोळखी रुग्णालयात पोचला तर जुळते रक्त सापडत नाही म्हणून मौल्यवान तास वाया जाण्याचा धोका. ह्यावर उपाय म्हणजे औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताची सविस्तर तपासणी करणे आणि त्याची नोंद असलेले कार्ड रोग्याच्या खिशात असणे. कार्डाचा खर्च चार-दोन रुपये. मास्तरांच्या खिशात ते आहे, कारण मुंबईत परळला टाटा रुग्णालयात दुसरे मत घेण्यास ते कोकणकन्येने गेले तेव्हा ह्या कार्डाची गोष्ट त्यांना शेजारच्या खुर्चीवरील एका रोग्याने सांगितली. प्रत्येक रुग्णालयाने पहिल्या सलाईनच्या दिवशीच ते रोग्याच्या हाती द्यावे, असा नियम आरोग्य खात्यास उद्या सकाळी करता येईल.

अट्ठावीस दिवसांच्या हिशोबाने मास्तरांची ह्या खेपेची तारीख नेमकी चवथीच्या आदल्या दिवशी, तयेच्या दिवशी पडते. मुलगा पुण्याहून येणार आहे, मूर्ती आणावयाची आहे, आणि वहिनींचा उपास. दोन दिवस अलीकडे खुर्ची मिळेल काय, असे त्यांनी रुग्णालयास विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.