समोरचा उलट मारतो, हेही शिकवा



परीक्षा संपल्या की सांगलीच्या विश्रामबागेत मुलींच्या स्वसंरक्षण शिबिरांचे फलक लागतात. मुली रांगेत उभ्या राहून हवेत हात-पाय झाडतात, एखादी शेवटच्या दिवशी कौल फोडते आणि सगळ्यांना प्रमाणपत्र मिळते. सरकारी शाळांत समग्र शिक्षा योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचे आत्मरक्षा प्रशिक्षण दिले जाते. हेतूबद्दल शंका नाही. मात्र अशा कितीतरी वर्गांत मुलीवर खरोखर कुणी चालून येतच नाही.

बॉक्सिंगमध्ये ते पहिल्या काही आठवड्यांतच घडते. ठोसा दिसला की डोळे मिटणे, मान फिरवणे, श्वास रोखून धरणे ही माणसाची उपजत सवय, आणि ती पुस्तकाने जात नाही. समोर जोडीदार उभा राहतो, बेताने का होईना पण मारतो, तेव्हा कुठे हनुवटी खाली, हात वर, नजर समोर हे अंगात मुरते. मग पाय शिकतात: हाताच्या टप्प्याबाहेर कसे राहायचे, कोपऱ्यात न सापडता तिरके कसे निसटायचे. प्रस्तुत पत्रलेखकाच्या मते रस्त्यावर उपयोगी पडते ते हेच, ठोसा त्यानंतर.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की रस्त्यावर ना रिंग, ना पंच, ना ग्लोव्ह्ज. आक्षेप खरा आहे. 1988 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात खुद्द माइक टायसन मिच ग्रीन या बॉक्सरशी रस्त्यावर भिडला आणि स्वतःचाच उजवा हात मोडून बसला. तेव्हा तो जगज्जेता होता! ग्लोव्ह्जविना मुठीने कवटीवर मारले की करंगळीमागचे हाड मोडू शकते. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणत असले तरी ते नवशिक्यांतच जास्त आढळते. म्हणून डोक्यावर मारायची वेळ आलीच, तर मुठीऐवजी तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरावा, हे वर्गातच सांगायला हवे. चाकूपुढे किंवा चौघांच्या घोळक्यापुढे मात्र धूम ठोकणे आणि 112 फिरवणे, एवढेच.

कुणी मनगट धरले, मागून कवळ घातली, तर बॉक्सिंगकडे उत्तर नाही. ते तालमीत आहे. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको. कुस्तीतही जोडीदार खराखुरा झटतो, त्यामुळे या दोन विद्या परक्या नव्हेत, सख्ख्या शेजारणी आहेत. पकड सोडवण्याचे चार डाव आणि बॉक्सिंगचे पदलालित्य एकत्र शिकवायला सांगलीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

बॉक्सिंग हा 'बाहेरचा' खेळ म्हणणाऱ्यांनी वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर आठवावेत. 1972 मध्ये हायडेलबर्गला जलतरणात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणारा हा जवान 1965 च्या युद्धात जखमी होण्याआधी लष्करातला बॉक्सर होता.

कायद्याचाही एक तास हवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमे खासगी बचावाचा हक्क देतात. त्यातले 37 वे बजावते, की बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येणार नाही. हल्लेखोर पळू लागल्यावर पाठीमागून घातलेला ठोसा या हक्कात बसवणे अवघड.

तेव्हा महापालिकेने आणि शाळांनी येत्या वर्षी निम्मे तास तरी जोडीदारासोबतच्या सरावाला द्यावेत. लहान मुलींना डोक्यावर मार नको. मेंदूला बसणारे धक्के हा या खेळाचा खरा दोष आहे आणि तो झाकू नये. खांद्याला-पोटाला हलका स्पर्श एवढ्यावर वर्ग चालू शकतो. ग्लोव्ह्जच्या दहा जोड्या आळीपाळीने वापरल्या तरी एका शाळेचे भागेल, आणि कौलांचा खर्च वाचेल तो वेगळाच.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली