आधीं पाऊल, मग भिंत

ज्या घरांत बुद्धिबळाचा पट कायमचा मांडलेला असतो, त्या घरांतील मंडळींस ‘क्वोरिडॉर’ हा खेळ परका वाटणार नाहीं. मिर्को मार्केझी यांनीं रचिलेला हा खेळ फ्रान्समधील जिगामिक मंडळीनें १९९७ सालीं प्रसिद्ध केला. पट नऊ घरें लांब व नऊ घरें रुंद. दोघे खेळत असतां प्रत्येकाजवळ एक प्यादें व दहा भिंती. प्यादें आपल्या कडेच्या मधल्या घरीं ठेवावयाचें. समोरच्या कडेस जो प्रथम पोहोंचेल तो जिंकला. पाळी आली कीं एक घर चालावें किंवा एक भिंत उभारावी. फांशाचा येथें संबंध नाहीं.

नवशिक्याचा हात प्रथम भिंतीकडे जातो. समोरच्यास अडविलें यांतच त्यास पराक्रम वाटतो. पण हिशेब पहावा. भिंत दोन घरें अडविते. मोकळ्या पटावर ती प्याद्यापुढें घातली तर प्यादें एक घर बाजूस सरून पुढें जातें. म्हणजे त्याचें एक पाऊल वाढलें. परंतु आपलीही एक पाळी गेली! लाभ शून्य, आणि दहांतील एक भिंत मात्र कमी. तेंच प्यादें बाजूस सरल्याबरोबर पहिलीस लागून दुसरी भिंत त्याच्यापुढें घातली, तर त्यास आणखी दोन पावलांचा वळसा पडतो. तेव्हां भिंतीचें मोल ती केव्हां घातली यावर फार अवलंबून आहे.

म्हणून जाणते खेळाडू आरंभीं बहुधा तीन तीन पावलें सरळ चालतात. मग दोन प्याद्यांमध्यें एकच घर उरतें. खरा पेंच येथें आहे. प्यादीं समोरासमोर भिडलीं कीं ज्याची पाळी असेल त्यास दुसऱ्यावरून उडी घेतां येते. सबब त्या मधल्या घरांत जो शिरेल, तो प्रतिपक्ष्यास एक पाऊल फुकट देईल. भिंतीचा विचार करण्याची वेळ ती हीच. आपण जो भाग ओलांडून आलों, तोच प्रतिपक्ष्यास अद्याप चालावयाचा असतो. तेथें घातलेली भिंत त्यास नडते, आपणांस सहसा नडत नाहीं. न चालतां घातलेली भिंत मात्र पुष्कळदां आपल्याच वाटेंत उभी राहते, आणि एकदां घातलेली भिंत काढतां येत नाहीं.

खेळाचा एक नियम आम्हांस विशेष आवडतो. कोणाचीही वाट लांबवितां येते. अजिबात बंद करतां येत नाहीं. एक तरी वाट मोकळी ठेवावीच लागते. ज्याच्या भिंती लवकर सरल्या, त्यास अखेरीस समोरचा ती वाट कशी आखतो, हें हात बांधून पाहत बसावें लागतें. चौघें खेळलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास पांचच भिंती येतात. तेव्हां हा संयम अधिकच हवा.

सुटींत मुलांस हा खेळ शिकविणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच सूचना आहे. पहिल्याच पाळीस भिंत घालणाऱ्या मुलास रागें भरूं नये. डाव संपत आल्यावर आपल्याजवळ किती भिंती उरल्या, तें त्यालाच मोजावयास सांगावें.