डबल शॉकर घेण्याआधी

डबल शॉकर सायकलीच्या मागच्या स्प्रिंगवर बहुतेकदा एक आकडा छापलेला असतो, ७५० किंवा ८५०. स्प्रिंग इंचभर दाबायला किती पौंडांचा जोर लागेल, एवढंच तो सांगतो. गिऱ्हाईक मात्र त्याला ताकदीचा दाखला समजतं. दहा-पंधरा हजारांची ही सायकल दिसते रुबाबदार, आणि दहावी पास झालेल्या मुलाला नेमकी तीच हवी असते. पण पन्नास किलोच्या मुलालाही तीच स्प्रिंग आणि नव्वद किलोच्या बापालाही तीच. दबलेली स्प्रिंग उसळते तेव्हा तिला आवर घालणारं तेलाचं डॅम्पिंग बहुधा नसतंच. दगडावरून गेलं की सायकल मागून उडवते, चढावर पायातला बराच जोर स्प्रिंग खाते. वर वजन अठरा-वीस किलो.

एवढ्याच पैशांत बसवायचं असेल तर फक्त पुढे शॉक असलेली हार्डटेल घ्यावी आणि उरलेले पैसे टायर-ब्रेकवर घालावेत. यात कमीपणा काही नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत ‘रिपॅक’च्या उतारावर ज्यांनी शर्यती सुरू केल्या, त्यांच्या जुन्या जाडजूड सायकलींना शॉक नव्हतेच.

खऱ्या फुल सस्पेन्शनची, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे कामाचे शॉक असलेल्या सायकलीची, गोष्ट निराळी. तिची किंमत लाखांत जाते, म्हणून चूकही लाखांतच पडते. इथे सगळ्यात मोठी भूल असते ती ट्रॅव्हलची, म्हणजे चाक किती मिलिमीटर वर-खाली होतं त्याची. ढोबळमानाने १०० ते १२० मिलिमीटर क्रॉस-कंट्रीसाठी, १२० ते १५० ट्रेलसाठी, त्यापुढे एन्ड्युरो आणि डाउनहिल. आल्प्समधले व्हिडिओ बघून माणूस १६० वर बोट ठेवतो. त्या व्हिडिओतला पठ्ठ्या बऱ्याचदा रोपवेने वर गेलेला असतो, हे मात्र ध्यानात राहत नाही.

डोंबिवलीकराला रोपवे कुठला? उंबार्लीच्या टेकडीवर जायचं तर आधी कल्याण-शीळ रस्त्यावरचे ट्रक चुकवायचे. मलंगगडाच्या पायथ्याच्या पायवाटा गाठायच्या तर नेवाळीपर्यंत डांबर आणि काँक्रीट. रविवारी चाळीस किलोमीटर झाले तर त्यातले पंचवीस-तीस पक्क्या रस्त्याचे. ठाणेकर येऊरचं नाव आधी घेतो, पण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. तिथला डांबरी चढ झकास आहे. रानातल्या वाटांवर मनाला येईल तशी चाकं घालता येत नाहीत. म्हणून या पट्ट्यात ‘सगळीकडे चालणारी’ सायकल म्हणजे १२० ते १३० मिलिमीटरची, पुढे-मागे एअर शॉक, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे शॉक, असलेली, आणि रस्त्यावर मागचा शॉक कडक करायला खटका असलेली. मुरूम, गुरांच्या वाटा, मोसमात शेवाळलेला काळा कातळ, एवढ्याला ती पुरून उरते. कातळावर घसरायला लागली की वाचवतो तो टायर. जास्तीचे तीस मिलिमीटर तिथे कामाला येत नाहीत.

एअर शॉकचा फायदा दुकानातच अजमावता येतो. शॉकच्या चकचकीत दांड्यावर रबराची बारीक रिंग असते. ती सीलपर्यंत सरकवायची, पाठीला पाण्याची पिशवी लावून हळूच बसायचं, हिसका न देता उतरायचं. दांडा एकूण ५० मिलिमीटर दबणारा असेल आणि रिंग १५ वर थांबली, तर तीस टक्के सॅग, म्हणजे नुसत्या बसण्याने होणारा दाब, झाला. ट्रेल सायकलीला साधारण एवढाच हवा. कमी-जास्त असेल तर शॉकच्या खास पंपाने हवा भरायची किंवा सोडायची. घरातला नेहमीचा पंप इथे चालत नाही. हे करून दाखवायला जो दुकानदार कां-कूं करतो, त्याच्याकडे दोन लाख देऊ नयेत.

पावसाचं काय, हे तर कुणी विचारतच नाही. मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यासांध्यात बेअरिंग असतात आणि आपला चिखल त्यांत शिरतो. रॉकशॉक्ससारखी कंपनी पुढच्या शॉकच्या फोर्कचे खालचे पाय ५० तासांनी उघडून तेल बदलायला सांगते. दर रविवारी तीन तास धरले, तर जूनमध्ये काढलेली सायकल दसऱ्याच्या सुमाराला उघडावी लागणार. ते काम कोण करणार, सील-बेअरिंग किती दिवसांत मिळणार, गिअरचा हँगर वाकला तर दुसरा दुकानात आहे का, हे पैसे मोजण्याआधी विचारावं. इथे सुटा भाग न मिळणाऱ्या भारी फ्रेमपेक्षा, सहज दुरुस्त होणारी मधली फ्रेम बरी.

आणि एक परीक्षा घरची. डोंबिवलीतल्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, आणि लाखाची सायकल खाली जिन्याखाली ठेवून झोप लागणार नाही. चांगली ट्रेल सायकलसुद्धा चौदा-पंधरा किलोची, त्यात उंबार्लीचा चिखल. ती खांद्यावर घेऊन, हँडल शेजारच्यांच्या दाराला न लावता तिसऱ्या मजल्यापर्यंत वळवता येते का, हे टेस्ट राइडच्या दिवशीच बघावं.