माळ्याच्या नावाचं झाड

एप्रिल उजाडला की इंग्लंडच्या परसबागांतून केरिया फुलू लागतो. हिरव्यागार लवचीक काड्या आणि त्यांवर ओळीने पिवळेधमक गोंडे. झाड मूळचं चीन-जपानचं. जपानी लोक त्याला यामाबुकी म्हणतात. केरिया हे नाव मात्र विल्यम केर या स्कॉटिश माळ्याचं. झाडांना नावं मिळायची ती बहुधा सरदारांची, प्राध्यापकांची. खुरपं धरणाऱ्याचं नाव अख्ख्या प्रजातीला मिळावं, ही मोलाची गोष्ट आहे.

केर हॉविक गावचा, क्यूच्या राजोद्यानात कामाला. त्या उद्यानाची सूत्रं सांभाळणाऱ्या सर जोसेफ बँक्स यांनी १८०३ मध्ये त्याला चीनला धाडलं, वर्षाला १०० पौंड पगारावर. कँटनमध्ये परदेशी माणसाला मोकळं हिंडता येत नसे, मग रानात जाणं तर दूरच. तो शहराजवळच्या फा-तीच्या रोपवाटिकांतून रोपं विकत घेई आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढवी. पुढे कित्येक महिने खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई. कंपनीचे डॉक्टर जॉन लिव्हिंग्स्टन यांनी १८१९ मध्ये हिशेब मांडला : एक झाड जिवंत पोचतं, तेव्हा हजार वाटेत मेलेली असतात.

तरी केरची कितीतरी झाडं तगली. त्याने पाठवलेल्या एका पांढऱ्या गुलाबाला बँक्स यांच्या पत्नीचं नाव मिळालं.

१८०५ च्या सुमारास पोचलेला केरिया डबल पाकळीचा होता. अशा फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात, बी धरत नाही. आणि झाडाचं कूळ ओळखायचं ते नेमकं फूल-फळाच्या या भागांवरून. लिनियसने १७७१ मध्येच हे झाड रासबेरीच्या प्रजातीत घातलं होतं, त्याचा शिष्य थुनबर्ग याने पुढे ज्यूटच्या. अंदाज लिनियसचा जवळचा होता, कारण झाड गुलाबाच्या कुळातलंच निघालं. अखेर १८१८ मध्ये द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची वेगळी प्रजाती केली आणि तिला केरचं नाव दिलं.

केर तेव्हा हयात नव्हता. १८१२ मध्ये सिलोनच्या सरकारी उद्यानावर त्याची नेमणूक झाली आणि दोनच वर्षांत तो तिथे वारला.

साध्या, पाच पाकळ्यांचा केरिया युरोपात आला तो १८३० च्या दशकात. डबल वाण आजही बियांवाचून, फुटवे काढून किंवा छाट कलमांनीच वाढवतात. त्यामुळे इंग्लंडमधली काही झुडपं थेट केरने कँटनला जहाजावर चढवलेल्या रोपांचेच तुकडे असू शकतात.